राखेतले दुर्मिळ धातू आणि कोकणातल्या परवानग्या: आधी उरणाऱ्या राखेचं बघा

नमस्कार. प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. प्रश्नकर्ते रसायन अभियंता आहेत, चिपळूणकडचे. जयगडच्या औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळल्यावर धुरातून पकडलेली बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश घ्यायची, लोटे-परशुराम एमआयडीसीत किंवा रत्नागिरीच्या आसपास जागा बघायची आणि रोज ५० टन राखेतून रेअर अर्थ मूलद्रव्यं (निओडिमियम, सेरियम वगैरे धातूंचा गट) व गॅलियम हा धातू काढायचं, असा त्यांचा बेत आहे. अमेरिकेने कोळशाच्या कचऱ्यातून असे धातू काढण्यासाठी परवानग्या सोप्या केल्याचं त्यांनी वाचलं आहे. आपल्याकडेही ‘क्रिटिकल मिनरल’, म्हणजे सरकारने देशाला अत्यावश्यक ठरवलेलं खनिज, म्हटलं की जनसुनावणी माफ होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आहे. तेव्हा नेमक्या परवानग्या कोणत्या, सुरुवात कुठून करायची आणि वेळ किती लागेल, हे त्यांना हवं आहे.

रायगड-रत्नागिरीतल्या कारखान्यांच्या पर्यावरण परवानग्यांचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. राखेतून धातू काढायला कुणाची हरकत नाही, उलट दिल्लीला ते हवंच आहे. तुमच्या फाइलवर प्रत्येक टेबलाशी जो प्रश्न येईल तो वेगळा असेल: धातू काढून झाल्यावर उरलेली ओली राख आणि तिचं पाणी कुठे जाणार? ह्याचं लेखी, सहीशिक्क्याचं उत्तर हातात असेल तर बाकीच्या परवानग्या वेळखाऊ आहेत, पण अवघड नाहीत. ते नसेल तर एकही परवानगी टिकणार नाही, आणि टिकूही नये.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू. जगभरच्या कोळशांच्या राखेत रेअर अर्थचं सरासरी प्रमाण ४०० पीपीएमच्या आसपास धरतात, म्हणजे टनामागे ४०० ग्रॅम. गॅलियम टनामागे तीस-पस्तीस ग्रॅम. रोज ५० टन राखेत रेअर अर्थ झाले २० किलो. निम्मे हाती लागले असं धरलं, तरी रोज १० किलो. त्यातला साधारण तिसरा हिस्सा सेरियम, आणि सेरियमला भाव नाही. किंमत आहे ती निओडिमियम, डिस्प्रोसियम, टर्बियमला, आणि ते ह्या दहा किलोंत थोडेच असतात. आता दुसरी बाजू बघा. लीचिंगच्या टाकीत, म्हणजे राख आम्लात भिजवून धातू विरघळवण्याच्या टाकीत, घन पदार्थ २० टक्के ठेवलात तर रोज २०० टन आम्लयुक्त द्राव फिरणार. टनाला १०० किलो सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडलं तर रोज ५ टन आम्ल, आणि ते चुन्याने मारलं की पावणेनऊ टनांच्या आसपास जिप्समचा गाळ. शिवाय ५० टन राख जवळजवळ तेवढीच शिल्लक. दहा किलोंसमोर हा सगळा डोंगर. अधिकारी तुमचा अहवाल उघडेल तेव्हा त्याला आधी हा डोंगर दिसणार आहे, म्हणून तो तुम्हाला आधी दिसलेला बरा.

आता सवलतींचं. केंद्रीय खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये ३० क्रिटिकल खनिजांची यादी जाहीर केली. तीत रेअर अर्थ, गॅलियम, जर्मेनियम, व्हॅनेडियम आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये खाण व खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन २४ खनिजांचे लिलाव केंद्राच्या हाती गेले. २९ जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, सरकारी तरतूद १६,३०० कोटी रुपये. ८ सप्टेंबर २०२५ ला पर्यावरण मंत्रालयाचं कार्यालयीन ज्ञापन निघालं आणि अणुखनिजं व क्रिटिकल खनिजांच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळाली. तुमच्या कानावर आलं ते बहुधा हेच. पण ही सूट खाणीला आहे. तुम्ही खाण काढत नाही, तुम्ही रासायनिक-धातू कारखाना काढता आहात. यादीतल्या खनिजाचं नाव अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक छापल्याने कारखान्याची खाण होत नाही.

ह्याची चांगली बाजू अशी की तुम्हाला खाणपट्टाही लागत नाही. वीजकेंद्राच्या चिमणीआधी पकडलेली राख ही भट्टीतून निघालेली औद्योगिक टाकाऊ वस्तू आहे, जमिनीतून काढलेलं खनिज नाही. तिची मालकी वीजकेंद्राची, आणि ती तुमच्याकडे येणार करारानं. तरीही माझा आग्रह असा की जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडून आणि नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडून हे लेखी घ्यावं. पुढे कधी तिथे खरोखर धातू निघू लागला की रॉयल्टीचा प्रश्न कुणीतरी काढणारच. तो निघण्याआधी उत्तर फाइलमध्ये असावं.

अमेरिकेची तुलना मात्र डोक्यातून काढा. तिथल्या गृहखात्याने, म्हणजे सरकारी जमिनी आणि खाणी बघणाऱ्या खात्याने, जुलै २०२५ मध्ये खाणींच्या जुन्या कचऱ्यातून, कोळशाच्या ढिगाऱ्यांतून क्रिटिकल खनिजं काढण्याच्या प्रकल्पांना वेग देण्याचा आदेश काढला. तिथे अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत शंभर वर्षांपूर्वीच्या बेवारस खाणींचे ढीग आहेत. त्यांच्यातून आम्लयुक्त पाणी झिरपून ओढे नारिंगी झालेले आहेत. तो कचरा उचलला तर ओढा सुधारतो, म्हणून परवानगी देताना सरकारला त्यात दुहेरी फायदा दिसतो. जयगडची राख तशी नाही. ती ताजी आणि कोरडी असते, सिमेंटवाल्यांना आणि ब्लॉकवाल्यांना हवी असते, आणि आज जशी आहे तशी ती कुणाच्या विहिरीत उतरत नाही. तुम्ही तिला आम्लात भिजवणार. म्हणजे तुमच्या प्रकल्पाआधी जो धोका नव्हता तो तुम्ही निर्माण करणार आणि मग त्याला आवर घालणार. हा फरक मंजुरी समितीतले जाणकार पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

खऱ्या अर्थाने कोळशाचा कचरा, म्हणजे ओव्हरबर्डन (कोळशावरून काढून टाकलेली माती-दगड) आणि वॉशरी रिजेक्ट्स (कोळसा धुताना टाकून दिलेला माल), हवा असेल तर तो विदर्भात आहे, वर्धा खोऱ्यात. तिथे पट्टेदार कोळसा कंपनीशिवाय पान हलत नाही, पण २०२५ च्या खाण कायदा दुरुस्तीने चालू पट्ट्यात दुसरं खनिज सामील करून घ्यायची वाट मोकळी झाली आहे आणि क्रिटिकल खनिजासाठी त्याबद्दल जादा रक्कमही भरावी लागत नाही. कोकणात कोळशाची खाण नाही. इथला कोळसा बहुतांशी जहाजाने येतो. ह्यातून तुमच्यासाठी एक अडचण निघते. इंडोनेशियाचा कोळसा, दक्षिण आफ्रिकेचा कोळसा, त्यांची राख वेगळी, चुन्याचं प्रमाण वेगळं, आणि धातू काचेसारख्या कणांत किती घट्ट अडकलेत तेही वेगळं. एका महिन्याच्या नमुन्यावर बेतलेला मास बॅलन्स, म्हणजे आत काय गेलं आणि बाहेर काय निघालं ह्याचा हिशेब, पुढच्या जहाजाला लागू पडेलच असं नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मात्र तुम्ही दिलेले आकडे छापले जातात आणि तपासणी त्या आकड्यांवर होते. म्हणून निदान वर्षभर, कोळशाच्या प्रत्येक प्रकारातले, नमुने घ्या. वीजकेंद्राकडे कोणत्या तारखेला कोणता कोळसा जळला ह्याची नोंद असते. नमुना घेताना ती नोंदही मागून घ्या.

आता राखेची अधिसूचना. पर्यावरण मंत्रालयाची ३१ डिसेंबर २०२१ ची फ्लाय अ‍ॅश अधिसूचना मुळातून वाचाच. तिच्यानुसार वीजकेंद्राला शंभर टक्के राख वापरात आणावी लागते, आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरणीय भरपाई बसते. कोणता वापर धरायचा ह्याची यादी तिच्यात आहे: विटा-ब्लॉक, सिमेंट, रेडीमिक्स काँक्रीट, रस्ते आणि भराव, खाणींचे खड्डे भरणे, किनारी जिल्ह्यांत किनारा संरक्षणाची बांधकामं, निर्यात वगैरे. धातू काढणे हा उपयोग ह्या यादीत नावानं नाही. म्हणून वीजकेंद्राचा राख व्यवस्थापक तुम्हाला पहिल्याच भेटीत विचारेल, ‘तुम्हाला दिलेली राख आमच्या हिशेबात वापरली म्हणून धरली जाईल का?’ त्याच्या मागे टनाला हजार रुपयांची टांगती तलवार आहे, तो विचारणारच.

ह्याला दोन वाटा आहेत. यादीत नवा उपयोग घालण्याची शिफारस करणारी समिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अध्यक्षांखाली आहे. तिच्याकडे जाता येतं, पण एकट्या छोट्या उद्योजकाला तो प्रवास लांबचा आहे. दुसरी वाट मला जास्त पटते. तुमच्याकडून निघालेली उरलेली राख ब्लॉक, सिमेंट किंवा खाणभराव ह्यांपैकी यादीतल्या एखाद्या उपयोगात जाते असं त्रिपक्षीय करारात बांधून टाका: वीजकेंद्र, तुम्ही आणि ती राख घेणारा. मग वापराची नोंद त्या शेवटच्या घेणाऱ्याकडे होते आणि वीजकेंद्राचा जीव भांड्यात पडतो.

पण तो घेणारा तुमची राख घेईल का? सिमेंट-काँक्रीटमध्ये जाणाऱ्या राखेला आयएस ३८१२ हे मानक लागतं. त्यात सल्फर ट्रायऑक्साइडला ३ टक्क्यांची आणि क्लोराइडला ०.०५ टक्क्याची मर्यादा आहे. सल्फ्युरिकने लीच केलंत तर जिप्सममुळे पहिली मर्यादा ओलांडायचा धोका, हायड्रोक्लोरिकने केलंत तर क्लोराइडमुळे सळई गंजण्याचा. म्हणजे राख धुवावी लागणार, धुण्याला पाणी लागणार, ते पाणी पुन्हा शुद्ध करावं लागणार. शिवाय आपल्याकडे घर बांधायला अजून जांभ्याचा चिरा पहिला आठवतो. राखेच्या ब्लॉकचं गिऱ्हाईक वाढतं आहे, पण रोज ५० टन राख इथल्या इथे जिरेल असं मी धरणार नाही. तुमचं आम्ल कोणतं असावं हे प्रयोगशाळेतल्या उताऱ्यावर ठरवू नका. उरलेली राख कोण घेतो आणि त्याला ती कशी हवी, ह्यावरून आम्ल निवडा. मी हे प्रत्येक तरुण रसायनतज्ज्ञाला सांगतो, कारण प्रक्रिया आधी पक्की करून मग कचऱ्याला जागा शोधत फिरणारे प्रकल्प मी वर्षानुवर्षं अडकलेले पाहिले आहेत.

पुढचा मुद्दा घातक कचऱ्याचा, आणि इथे बहुतेकांची समजूत चुकते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत फ्लाय अ‍ॅश, रेड मड (अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ), खाणींचे टेलिंग्ज (खनिज वेगळं केल्यावर उरलेला चुरा) हे प्रचंड प्रमाणात निघणारे पण कमी परिणामाचे म्हणून घातकच्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. ही सवलत राखेला आहे. आम्लातून निघालेला चोथा राख राहिला की तो प्रक्रियेचा अवशेष झाला, हे तुमच्या शब्दावर ठरत नाही, चाचणीवर ठरतं. मूळ राखेत आर्सेनिक, सेलेनियम, कॅडमियम असतात, बरेचसे कणांच्या पृष्ठभागावर आणि काही काचेसारख्या भागात. तुमचं आम्ल दोन्हींवर काम करतं. रेअर अर्थ बाहेर येतात तसे तेही बाहेर येतात, आणि द्राव मारल्यावर गाळात बसतात. नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत लीचिंग चाचणीच्या मर्यादा आहेत: आर्सेनिक लिटरला ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १, सेलेनियम १. चोथा आणि सांडपाणी प्रक्रियेचा गाळ ह्या दोन्हींची चाचणी वेगवेगळी करा, एकत्र मिसळून नको. गाळ पहिल्या अनुसूचीत ३५.३ क्रमांकावर नावानं आहे, तो घातक धरूनच चला. तो तळोज्याच्या सामायिक घातक कचरा सुविधेकडे जाईल, आणि लोट्याहून तिथवरचं भाडं आणि टनाचा दर तुमच्या ताळेबंदात पहिल्या दिवसापासून हवा. ह्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. घातक ठरलेला माल दुसऱ्याला कच्चा माल म्हणून द्यायचा असेल तर नियम ९ खाली केंद्रीय मंडळाची चाचणी आणि कार्यपद्धती आली. तो वेगळाच प्रवास आहे.

पर्यावरण मंजुरी लागेल का? २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, अधिसूचनेत ‘राखेतून क्रिटिकल खनिज’ अशी नोंद नाही. कुणी ते ३(ए) धातुउद्योगात बसवेल, कुणी २(बी) खनिज शुद्धीकरणात. प्राथमिक धातुउद्योग धरला तर प्रकरण थेट दिल्लीला जातं. ‘यादीत नाव नाही म्हणजे मंजुरी नको’ असं सांगणारे सल्लागार भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. उद्या कुणी हरित लवादात गेलं तर मंजुरी नसलेला चालू कारखाना ही सर्वांत वाईट अवस्था. केंद्राच्या परिवेश ह्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाचं खरं वर्णन देऊन मंजुरी देणाऱ्या राज्य प्राधिकरणाकडून लेखी स्पष्टीकरण मागा. मंजुरी लागणार असं ठरलं तर आधी टीओआर (अभ्यासात काय काय हवं त्याच्या अटी), मग एका ऋतूचा, पावसाळा सोडून, मूलभूत अभ्यास, मग जनसुनावणी, मग समितीचं ६० दिवसांत मूल्यांकन आणि प्राधिकरणाचा ४५ दिवसांत निर्णय. हे कागदावरचे दिवस. कोकणात खरा वेळ ऋतू ठरवतो. मार्च ते मेची हवा-पाण्याची मोजणी चुकली की मध्ये चार महिने पाऊस, आणि तुमचं कॅलेंडर थेट पुढच्या हिवाळ्यात जातं.

राज्य प्रदूषण मंडळाची संमती तर लागणारच: आधी स्थापनेची, मग संचालनाची, १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली. तुमचा उद्योग लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी, वर्गात धरूनच आराखडा करा. लोट्याचं काम चिपळूणच्या उपप्रादेशिक कार्यालयातून पुढे जातं, आणि गुंतवणुकीच्या आकड्यानुसार निर्णय वर कुठे होणार ते ठरतं. जल कायद्यात चार महिन्यांत उत्तर न आल्यास संमती मिळाल्याचं धरण्याची तरतूद आहे. तिच्यावर विसंबून बांधकाम सुरू करू नका, कारण बँक ते मानत नाही आणि गावही मानत नाही. कारखाना परवाना, आम्लसाठ्याचे सुरक्षा नियम, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनला (द्रावातले धातू तेलासारख्या द्रवात ओढून वेगळे करण्याला) केरोसिन वापरणार असाल तर पेट्रोलियम साठ्याची परवानगी, ही नेहमीची कामं आहेत. राज्याच्या मैत्री ह्या एक खिडकी पोर्टलवरून बरीचशी होतात, त्यांवर वेळ घालवत नाही.

जागेवर मात्र थांबतो, कारण कोकणात परवानगी मिळणं-न मिळणं निम्मं इथेच ठरतं. सीआरझेड २०१९ मध्ये, म्हणजे किनारी क्षेत्राच्या नियमांत, किनाऱ्यालगत नवा उद्योग बंद आहे, पाण्याकाठीच असावा लागणारे प्रकल्प सोडून. आणि भरावासाठी फ्लाय अ‍ॅश टाकायलाही बंदी नावानं आहे. ‘आम्ही समुद्रापासून लांब आहोत’ हे पुरेसं नाही. खाडीच्या काठाला नियम भरतीच्या पाण्यापर्यंत लागतो, आणि ती हद्द वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजार भागांत पाच भाग कुठवर आहे त्यावरून ठरते. आपल्या खाड्या आत किती खोल शिरतात हे तुम्हाला सांगायला नको. घाटाच्या बाजूला गेलात तर पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा मसुदा, शेवटचा ३१ जुलै २०२४ चा. त्यातल्या गावांत लाल वर्गाचा नवा उद्योग बंद. चिपळूण, खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर ह्या तालुक्यांतली अनेक गावं त्यात आहेत; गावाचं नाव यादीत स्वतः बघा, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. डहाणूच्या वीजकेंद्राची राख घेऊन तिथेच काही करता येईल का, असं मला पूर्वी एकांनी विचारलं होतं. डहाणू तालुक्याला २० जून १९९१ ची स्वतंत्र अधिसूचना आहे, लाल वर्गाला तिथे मज्जाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेलं प्राधिकरण त्यासाठी आहे. तिथे हा विषय काढूच नये.

एमआयडीसीबाहेर खाजगी जमीन बघत असाल तर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नीट वाचा. खाजगी वनाची नोंद, कुळाची नोंद, सामायिक खात्यात मुंबईकर चुलत्यांची वीस नावं. खाजगी वनाची एक ओळ प्रकल्प संपवायला पुरे आहे.

आणि सड्यावरची जागा. सडा ओसाड दिसतो, वस्ती नाही, म्हणून तो कारखान्याला सोयीचा वाटतो. पण जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर सांडलेलं पाणी जांभ्यातून खाली उतरतं, खालच्या मातीच्या थराला अडतं आणि कड्याच्या पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. त्या झऱ्यावर वाडीची विहीर, पऱ्या (ओढा) आणि मार्च-एप्रिलमधलं पिण्याचं पाणी अवलंबून असतं. सड्यावर आम्लयुक्त राखेचं तळं म्हणजे खालच्या वाडीच्या पाण्यावर तळं. प्लास्टिकचं अस्तर टाकू असं अहवालात लिहिलं जातं, अस्तर फाटतं. माझं मत स्पष्ट आहे: कोकणात ओला चोथा साठवणारं तळं नसावं. एकही नसावं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो चार महिन्यांत पडतो. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बांध जुलै २०२२ मध्ये फुटला, आणि तिथे आपल्या निम्म्याहूनही कमी पाऊस. फिल्टर प्रेसमधून कोरडा केक काढा, पक्क्या छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवा, आणि पावसाळ्यात उचल थांबली तर उत्पादनही थांबेल अशी अट तुम्हीच स्वतःवर घालून घ्या. अर्जात ही अट दिलीत तर समितीला तुमच्यावर विश्वास ठेवायला कारण मिळतं.

पाण्याचंही तेच. लोट्याच्या सामायिक सांडपाणी केंद्रात सल्फेट आणि क्षारांनी भरलेला द्राव सोडता येईल असं धरू नका. तिथून निघालेलं पाणी शेवटी दाभोळ खाडीत जातं. त्या खाडीवर भोई, खारवी, दालदी कुटुंबांचं पोट आहे आणि त्यांनी मेलेली मासळी अनेकदा पाहिली आहे. झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं, हाच मार्ग. पण राजस्थान-गुजरातसारखी बाष्पीभवनाची उघडी तळी इथे चालत नाहीत, पाऊस ती भरून टाकतो. म्हणजे वाफेवर चालणारा इव्हॅपोरेटर, म्हणजे इंधन, म्हणजे खर्च. रोज २०० टन द्रावातला बराचसा पुन्हा वापरला तरी बाहेर काढावा लागणारा भाग उरतोच. हा खर्च धरूनही जमाखर्च जमत असेल तरच पुढे जा.

किरणोत्सर्ग हा विषय ऐकून घाबरू नका, पण टाळूही नका. प्रत्येक कोळशात थोडं युरेनियम-थोरियम असतं. निसर्गातल्या युरेनियम-थोरियमसाठी आंतरराष्ट्रीय उंबरठा ग्रॅमला १ बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) आहे आणि साधी राख सहसा त्याच्या बरीच खाली असते. पण थोरियम रसायनाने रेअर अर्थच्या जवळचं, ते त्यांच्याबरोबर चालत येतं. तुमचा रेअर अर्थचा घन अर्क, चोथा आणि गाळ, तिन्हींची गॅमा स्पेक्ट्रोमेट्री (किरणोत्सर्ग मोजण्याची चाचणी) करून घ्या आणि आकडे घेऊन अणुऊर्जा नियामक परिषदेशी पत्रव्यवहार करा. रत्नागिरीच्या काळबादेवी, भाट्याच्या काळ्या रेतीमुळे ह्या जिल्ह्यात इल्मेनाइट ह्या खनिजाचं नाव लोकांना परिचयाचं आहे. सुनावणीत हा प्रश्न हमखास येईल, तेव्हा तुमच्या हातात मोजलेला आकडा असावा.

सुनावणीबद्दल एवढंच की, माफ होती की नव्हती हा वाद बाजूला ठेवून, ती घ्या. कोकणातली माणसं सुनावणीला अहवाल वाचून येतात. एन्रॉनपासून बारसूपर्यंत त्यांनी खूप ऐकलं आहे. मराठी सारांश स्वतः बसून लिहा, आकड्यांसकट, आणि गाळ किती व कुठे जाणार हे पहिल्या पानावर घाला. विहिरींचे नमुने प्रकल्पाआधी गावकऱ्यांसमोर घ्या आणि निकालाची प्रत ग्रामपंचायतीत द्या. पुढे काही बिघडलं तर तुमचंही आणि त्यांचंही म्हणणं त्याच कागदावर तपासता येतं.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. पहिलं, ५० टनांचा आकडा सोडला असता. गॅलियम आणि जर्मेनियम भट्टीत वाफ होऊन नंतर बारीक कणांवर बसतात, त्यामुळे ईएसपीच्या (विजेच्या भाराने धुरातली राख टप्प्याटप्प्याने पकडणाऱ्या यंत्राच्या) शेवटच्या फील्डमधल्या, म्हणजे टप्प्यातल्या, बारीक राखेत ते जास्त असतात, आणि त्या फील्डची राख एकूण राखेचा थोडाच भाग असते. वीजकेंद्राकडून फील्डवार नमुने घ्या, आधी तिथे काय आहे ते बघा. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम-जर्मेनियमच्या निर्यातीला परवाना लावल्यापासून ह्या दोन धातूंचं गणित बदललं आहे, त्यामुळे कमी मालातूनही अर्थ निघू शकतो. दुसरं, कोकणात फक्त कोरडं काम: चाळणं, हवेने वेगळं करणं, चुंबकाने वेगळं करणं. ह्यातून फार मोठी वाढ होत नाही, दीडपट-दुप्पट झाली तरी चांगली. पण उरलेली राख कोरडी राहते, सिमेंटवाला ती घेतो, आणि संमतीची फाइल कितीतरी हलकी होते. आम्लाचं काम जिथे तशी सोय आधीच आहे तिथे, छोट्या मालावर.

तिसरं, स्वतःच्या पैशाने पहिला प्लांट उभा करू नका. मिशनमध्ये ओव्हरबर्डन, टेलिंग्ज, फ्लाय अ‍ॅश, रेड मड ह्यांच्यातून धातू काढण्याच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी १०० कोटी रुपये बाजूला ठेवले आहेत. खाण मंत्रालयाची एस अँड टी प्रिझम योजना स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी आहे, आणि ती नागपूरचं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र चालवतं. तिथे मराठीत फोन करता येतो. मिशनच्या उत्कृष्टता केंद्रांत आयआयटी मुंबई आहे, भुवनेश्वरची आयएमएमटी आहे. त्यांच्या छताखाली काही टनांची चाचणी झाली तर चोथ्याची, गाळाची, किरणोत्सर्गाची आकडेवारी तुमच्या नावावर पण त्यांच्या शिक्क्याने मिळते. पुढे राज्य समितीसमोर ती कामाला येते.

क्रम असा ठेवा: आत्ता वीजकेंद्राशी नमुन्यांसाठी पत्र, पावसाळ्यात प्रयोगशाळा आणि प्रिझमचा अर्ज, त्याच काळात ब्लॉकवाला किंवा सिमेंटवाला शोधून इरादापत्र, ऑक्टोबरनंतर खनिकर्म आणि राज्य प्राधिकरणाला स्पष्टीकरणाची पत्रं, आणि जागेचा सौदा सगळ्यांत शेवटी. पर्यावरण मंजुरी लागली तर त्यापुढे दीड ते दोन वर्षं धरा, नाही लागली तर संमत्यांना सहा-आठ महिने. फील्डवार नमुन्यांचे निकाल आले की इथेच टाका: रेअर अर्थ वेगवेगळे, गॅलियम, जर्मेनियम, आर्सेनिक, सेलेनियम, थोरियम आणि चुन्याचं प्रमाण. त्यावरून ३(ए) खाली जायचं की नाही, आणि अर्जातलं प्रकल्पाचं वर्णन कसं असावं, हे मी पुढे सांगू शकेन.